पेटीवरून पियानोवर आले आणि हात दुखायला लागला. बोटं ताणायचं यंत्र घ्यावं का? (आणि बऱ्याच भाबड्या शंका)

पेटीवाली_कोथरूड | १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

वय ४७. पेटी वीस-बावीस वर्षं वाजवतेय. आधी रीतसर क्लास, नंतर भजनी मंडळाची साथ. गेल्या दिवाळीत लेकीने तिच्या पहिल्या बोनसमधून डिजिटल पियानो घेऊन दिला. ८८ पट्ट्या, त्यासुद्धा जड पट्ट्यांचा, म्हणजे खऱ्यासारखा. तेव्हापासून आठ महिने एका सरांकडे जातेय. सूर ओळखीचे, पट्ट्या ओळखीच्या, त्यामुळे वाटलं होतं की हे म्हणजे मोठी पेटीच, फक्त भाता नाही.

तर तसं नाहीये. अर्धा तास वाजवलं की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागतं. त्यात माझे हात लहान. पांढरी एकचा सा अंगठ्याने धरला तर करंगळी तार सा पर्यंत कशीबशी, पट्टीच्या टोकावर लटकते. सर म्हणाले, हात लहान आहे, ताणून मोकळा करावा लागेल. बोटांच्या मध्ये घालून हळूहळू रुंद करायचं एक प्लास्टिकचं यंत्र मिळतं ते त्यांनीच दाखवलं. मी मागवलंय, परवा येईल.

ते वापरू का? कोणी वापरलंय का? आणि बसायच्या खुर्चीचंही सांगा. सध्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि त्यावर उशी असा कारभार आहे.

आता शंका आहेतच तर विचारून टाकते. पियानोवाल्यांची बोटं जन्मतःच लांब असतात का? ते तासतासभर न बघता कसं वाजवतात? वाजवताना तोंडं का वेडीवाकडी करतात? आणि ४७ व्या वर्षी हे सुरू करणं म्हणजे निव्वळ हौस, की हाती काही लागेल? यजमान म्हणतात धाग्यावर विचार, मला विचारू नकोस.

---

खर्जातला_पंचम | १४ जून, रात्री ११:२५

जाणकार येतीलच, तोवर माझे चार आणे. मी वाजवत नाही, फक्त ऐकतो, पण तीस वर्षं ऐकतोय.

यंत्र आलं की खोकं न फोडता परत पाठवा. रॉबर्ट शूमन या जर्मन संगीतकाराचं नाव ऐकलं असेल. हा माणूस पियानोवादक व्हायला लायप्झिगला गेला होता, फ्रीडरिश वीक नावाच्या नामांकित गुरूकडे. बोटं स्वतंत्र हलावीत म्हणून त्याने बोट अडकवायचं एक यंत्र वापरलं आणि १८३२ च्या सुमारास उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. यंत्रामुळेच झालं की आणखी कशाने यावर विद्वान अजून भांडतात. पण वादक म्हणून त्याचं करिअर संपलं हे नक्की. मग तो पूर्णवेळ रचना करायला लागला आणि पुढे गुरूच्याच मुलीशी, क्लाराशी, लग्न केलं. क्लारा त्या काळातली अव्वल वादक. म्हणजे घरात वाजवणारी बायको आणि लिहिणारा नवरा. आपल्याला ऐकायला छान, त्याच्या बोटांना विचारा.

हाताच्या लांबीबद्दल. रखमानिनोव्ह या रशियन रचनाकार-वादकाचा पंजा प्रचंड होता. तुमच्या भाषेत सांगायचं तर डाव्या हाताने मध्य सा पासून तार पंचमापर्यंत पोहोचायचा. आणि गंमत बघा, त्याने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो (म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची मोठी रचना, १९०९) अर्पण केला योसेफ होफमन या वादकाला, ज्याचे हात लहान होते. होफमनने तो कधी मैफलीत वाजवलाच नाही! स्टाइनवे कंपनीने होफमनसाठी मुद्दाम अरुंद पट्ट्यांचा पियानो बनवला होता. दुसरीकडे बार्सिलोनाच्या वादक आलिसिया दे लारोचा. उंची पाच फुटांच्याही आत, हात लहान, आणि त्यांनी तोच तिसरा कॉन्चेर्टो वाजवलाय, ध्वनिमुद्रणही आहे. तेव्हा "हात लहान आहे" हे वाक्य खरं असलं तरी तिथे संपत नाही.

---

पक्याभाई | १४ जून, रात्री ११:५१

बोटं मोडली तर संधिवात होतो म्हणून आई कान धरायची. वादकांनी बोटं मोडू नयेत का? खरंच विचारतोय, हलके घ्या.

---

हाडवैद्य_ठाणे | १५ जून, सकाळी ७:०५

पक्याभाई, डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हात सारखेच, संधिवात कुठेच नाही. २००९ साली त्याला इग नोबेल (गमतीदार संशोधनाचं बक्षीस) मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, पण तुमच्या आईला कळवा.

पेटीवाली ताई, आता तुमच्याकडे. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण तुम्ही सांगता ती जागा अंगठ्याला मागे ओढणाऱ्या दोन कंडरांची आहे. मोबाइल चाळणाऱ्यांना, तान्हं बाळ सतत उचलणाऱ्या आयांना आणि कपडे पिळणाऱ्यांना तिथेच दुखतं. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली आणि जोरात कळ आली, तर हाडांच्या डॉक्टरकडे किंवा हाताचं काम करणाऱ्या फिजिओकडे जा. सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, ती वेगळी गोष्ट असते.

लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. बोटांमध्ये बोट वाकवणारा स्नायूच नसतो. ताकदीचे स्नायू कोपर ते मनगटाच्या मध्ये असतात, तिथून दोरीसारख्या कंडरा मनगटाखालून बोटांपर्यंत जातात. कठपुतळीच म्हणा. काही बारीक स्नायू तळहातात आहेत, ते बोटं पसरवतात आणि नाजूक हालचाली करतात. म्हणून "बोटं मजबूत करा" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. अनामिका नीट उचलली जात नाही अशी तक्रार प्रत्येक विद्यार्थी करतो. तिची कंडरा शेजारणींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असते, ती एकटी उचलायला शरीराने परवानगीच दिलेली नाही. कितीही ताणा, रचना बदलत नाही.

यंत्र नको. आणि पेनकिलर घेऊन रियाज तर अजिबात नको.

---

दादरची_मास्तरीण | १५ जून, दुपारी १:१०

मी सव्वीस वर्षं पियानो शिकवतेय. निम्मे विद्यार्थी ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएमच्या परीक्षांचे, निम्मे तुमच्यासारखे, म्हणजे पेटी किंवा कीबोर्डवरून आलेले मोठे. पेटीवरून आलेल्यांचा हात मी आवाजावरून ओळखते.

ताई, एक करा. कुठलीही पट्टी वाजवा आणि दाबूनच ठेवा. मग स्वतःला विचारा, आत्ता मी किती जोर लावलाय? दुसऱ्या हाताने त्याच हाताचं मनगट खालून हलकेच उचलून बघा. उचललं जातं का? इथे उत्तर लिहा, मग पुढचं सांगते.

---

पेटीवाली_कोथरूड | १५ जून, रात्री ९:३०

मास्तरीण बाई, करून बघितलं. मनगट उचललं जात नाही हो, जणू वरवंटा धरून ठेवलाय. सोडायला गेले तेव्हा कळलं की सोडायचं असतं.

डॉक्टरसाहेब, मुठीची चाचणी केली. दुखलं, पण ओरडण्याइतकं नाही. शुक्रवारची वेळ घेतलीय.

---

दादरची_मास्तरीण | १५ जून, रात्री १०:१५

वाटलंच होतं.

पेटीत पट्टी दाबली की हवेची वाट उघडते आणि पट्टी दाबून आहे, भाता चालू आहे, तोवर सूर टिकतो. म्हणजे पट्टी सोडली की सूर मेला. वीस वर्षं तुमच्या हाताने हेच शिकलंय: सूर हवा असेल तर धरून ठेव.

पियानोत आतमध्ये लाकडाची हातोडी असते, तिच्या डोक्यावर दाबलेली लोकर. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा हातोडी तारेकडे फेकली जाते आणि शेवटच्या टप्प्यात ती पट्टीपासून सुटते. सुटली की तुमचा तिच्याशी संबंध संपला. गोफणीतून दगड गेल्यावर दोरी कितीही आवळा, दगडाला काय फरक पडणार? आवाज किती मोठा हे फक्त हातोडी किती वेगाने निघाली यावर ठरतं. तुमच्या डिजिटलमध्ये तार नाही, पण तो हाच वेग मोजतो.

पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते आणि ती खाली न्यायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. एका लिंबाइतकं. त्यानंतर ती नुसती खाली ठेवायची असते, म्हणजे तारेवर मखमली चिमटा बसत नाही आणि सूर हळूहळू विरेपर्यंत वाजत राहतो. त्यासाठी हाताचं नुसतं वजन पुष्कळ झालं. तुम्ही सुरानंतरही दाबताय. दर सुराला. अर्ध्या तासात किती सूर होतात ते मोजा, मग अंगठा का रडतो ते कळेल.

दोष हाताच्या आकाराचा कमी आणि पेटीच्या सवयीचा जास्त आहे. आता महिनाभर सप्तकाची झेप बंद. वाजवा, आवाज आला की लगेच सैल सोडा, पट्टी खालीच राहू द्या. वाजव, सोड. वाजव, सोड. कंटाळवाणं आहे, माझे विद्यार्थी चिडतात.

---

मडगांवकार | १६ जून, सकाळी ८:४०

आमच्या घरी आज्याच्या वेळचा उभा पियानो आहे आणि पेटीही आहे, दोन्ही वाजतात, कारण आजीकडचे लोक देवळात आणि शेजारी चर्चमध्ये. बाबा दोन्ही वाजवायचे. मास्तरीण बाईंचं अगदी खरं. बाबा पियानोवरून पेटीवर आले की उलटी अडचण, सूर तोडून टाकायचे आणि भजनी बुवा रागवायचे.

एक भर घालतो. पेटीवाल्यांना एक मोठा फायदा असतो तो कोणी सांगत नाही. तुम्ही काळी एक, काळी दोन, काळी चार, सगळ्या पट्ट्यांत गाता-वाजवता. पाश्चात्त्य क्लासमध्ये मुलं वर्षभर पांढऱ्याच पट्ट्यांवर अडकून असतात. पोलंडचा रचनाकार शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना सुरुवात पांढऱ्यांवर करू द्यायचा नाही. अंगठा आणि करंगळी पांढऱ्यावर, मधली लांब तीन बोटं काळ्यांवर. हाताचा आकारच तसा आहे, लांब बोटांना उंच जागा मिळाली की पंजा आपोआप सुटा पडतो. पांढरी तीन वर अंगठा, मग लागोपाठ तीन काळ्या, करंगळी पांढरी सातवर. ठेवून बघा.

---

टोरांटोकर | १६ जून, संध्या. ७:२०

माझ्या गावचा माणूस आला नाही अजून धाग्यात, म्हणून लिहितो. पियानोवादक ग्लेन गूल्ड.

खुर्चीचं विचारलंत ना? गूल्डच्या वडिलांनी घडीच्या खुर्चीचे पाय कापून त्याला बसायला करून दिलं होतं. बसायची उंची जमिनीपासून फक्त १४ इंच. जगभर तीच खुर्ची घेऊन फिरायचा. शेवटी बसायची गादी फाटून गेली, नुसता सांगाडा उरला तरी त्यावरच. नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकायचं. उन्हाळ्यातही कोट, मफलर, हातमोजे. वाजवण्याआधी हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. वाजवताना इतका गुणगुणायचा की ध्वनिमुद्रण करणारे हैराण. १९६४ मध्ये मैफली कायमच्या बंद केल्या, वय जेमतेम ३१. त्यानंतर फक्त स्टुडिओ. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स त्याने १९५५ ला ध्वनिमुद्रित केल्या आणि परत १९८१ ला, पुढच्याच वर्षी गेला. दोन्ही ओळीने ऐका, एकाच माणसाची दोन आयुष्यं वाटतात.

इथे फ्रंट स्ट्रीटवर सीबीसीच्या (कॅनडाच्या रेडिओ-टीव्हीच्या) इमारतीबाहेर बाकड्यावर त्याचा ब्राँझचा पुतळा बसलाय. थंडीत कोणीतरी त्याला खरा मफलर गुंडाळतं. पुण्याहून आई-बाबा आले होते तेव्हा बाबा शेजारी बसून म्हणाले, "हा बारा महिने स्वेटर घालणारा आपल्याकडचाच वाटतो."

पण खुर्चीचं अनुकरण मात्र करू नका. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा थोडं वर, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, आणि बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, मागे रेलायचं नाही. उंची कमी-जास्त होणारा बाक मिळतो, तो घ्याच. उशी हलते, खांदा तिला सावरत बसतो.

---

खर्जातला_पंचम | १६ जून, रात्री ८:००

तोंडं वेडीवाकडी करण्याचं: अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट. १९७५ ची कोलोनची मैफल ऐका, पियानोइतकाच त्याचा कण्हण्याचा आवाज येतो. उभा राहतो, बसतो, हुंकारतो. आपल्याकडे गवयाने हात फिरवला, मान हलवली तर आपण "वा" म्हणतो. पियानोवाल्याने केलं की चाळे? श्वास आणि वाक्य बरोबर चालावं म्हणून अनेक जण मनातल्या मनात गातात, काहींचं बाहेर पडतं.

वाईट गोष्ट अशी की २०१८ साली जॅरेटला पक्षाघाताचे दोन झटके आले आणि डावा हात जवळपास गेला.

---

सुगरण_पण_बेसूर | १७ जून, सकाळी ११:१५

मला वाजवता येत नाही पण धागा वाचनखुणेत टाकला. एक शंका माझीही: पाठ करणं. स्वयंपाक करताना रेडिओवर गाणं लागलं की शब्द येतात आणि मुद्दाम म्हणायला गेलं की जातात. यांचं तसं होत नाही का?

---

दादरची_मास्तरीण | १७ जून, दुपारी २:३०

होतं, बाई, भरपूर होतं.

फक्त बोटांना पाठ असेल तर ते सगळ्यात धोकादायक. घरी झोपेतही वाजतं, मंचावर एक सूर चुकला की बोटं विचारतात "आता कुठे?" आणि सांगणारं कोणी नसतं. म्हणून मी मुलांना मधूनच सुरू करायला लावते. चौथ्या पानापासून. शेवटच्या ओळीपासून. डावा हात एकटा. पट्ट्यांना हात न लावता, डोळे मिटून, मनात. शेवटचं जमलं तर पाठ झालं असं समजायचं. तबलजी हाताने ठेका धरून बोल म्हणतात ना, तसंच.

मारिया जुआंव पिरेश या पोर्तुगीज वादकाची गोष्ट जरूर बघा, चित्रफीत आहे. अ‍ॅमस्टरडॅमला दुपारची मैफल, वाद्यवृंद चालवायला रिकार्दो शायी. वाद्यवृंदाने मोझार्टचा डी मायनरमधला कॉन्चेर्टो सुरू केला आणि बाईंचा चेहरा पडला. त्या दुसराच कॉन्चेर्टो तयार करून आल्या होत्या! सुरुवातीला पियानो दोनेक मिनिटं गप्प असतो, तेवढाच काय तो वेळ. शायी हसत हसत म्हणतायत, येतं तुम्हाला. आणि बाईंनी वाजवला. डोळे बघा त्यांचे.

उलट बाजूला स्व्यातोस्लाव्ह रिख्टर. केवढा मोठा वादक, पण उत्तरार्धात त्याने पाठ वाजवणं सोडून दिलं. हॉलमध्ये अंधार, फक्त स्वरलिपीच्या पानांवर एक छोटा दिवा. त्याला सूर ऐकून थेट नाव सांगता यायचं, आणि वय झालं तसं कान सरकले. पट्टीवर एक सूर, कानाला भलताच, वरचा. अशा वेळी समोर पान नको?

माझं मत, तुमच्या सरांना राग येईल: ४७ व्या वर्षी पाठ करण्याची सक्ती नको. पान समोर ठेवा, चष्म्याचा नंबर तेवढा तपासा. वाचायचा चष्मा आणि पियानोवरच्या पानाचं अंतर जुळत नाही, लोक मान पुढे काढतात आणि मग मान दुखते.

---

हाडवैद्य_ठाणे | १७ जून, रात्री ९:५५

चष्म्याचं हजार टक्के. मला सुचलं नव्हतं.

दुखण्यावर एक जरुरीचं. कंडरेची सूज विश्रांतीने, सवय सुधारून बरी होते. लांग लांगसारख्या जगप्रसिद्ध चिनी पियानोवादकालाही २०१७ मध्ये डाव्या हाताच्या दुखण्याने वर्षभर थांबावं लागलं. पण एक वेगळा प्रकार आहे ज्यात दुखतच नाही. लिऑन फ्लायशर, अमेरिकन, ऐन भरात असताना १९६४ च्या सुमारास उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळहातात मुडपायला लागली. हात तपासला तर ठणठणीत, चमचा धरायला ठीक, पियानोवर बसलं की मुडपणार. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. घोटाळा मेंदूच्या आज्ञांमध्ये असतो, हातात नाही. तीसेक वर्षं तो डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिला, शिकवत राहिला. नव्वदच्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी बोटं सुटली आणि दोन्ही हातांनी परत आला. सुरकुत्यांचं तेच बोटॉक्स, हो.

बोट दुखत नाही पण ऐकत नाही असं कोणाला वाटलं तर जास्त रियाजाने ते सुधारत नाही, बिघडतं. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

आणि खाजगी निरोपात दोघांनी विचारलं म्हणून: मंचावर हात थरथरू नयेत म्हणून काही वादक प्रोप्रॅनोलॉल घेतात, हे खरं. हृदयाच्या ठोक्यांचं औषध आहे. दमा असणाऱ्याला घातक ठरू शकतं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये.

---

पेटीवाली_कोथरूड | १८ जून, रात्री १०:०५

किती लिहिलंत सगळ्यांनी! यंत्र आज आलं. खोकं फोडलं नाही, यजमान उद्या परत पाठवतील.

नवी अडचण: डावा हात. वीस वर्षं त्याने भाताच मारलाय. उजवा पलटे घेतो आणि डावा अजूनही नकळत मागे-पुढे होतो. हसू नका.

---

पक्याभाई | १८ जून, रात्री १०:१२

हसलो. माफी.

---

खर्जातला_पंचम | १८ जून, रात्री १०:४८

डाव्या हातासाठी प्रेरणा म्हणून: पाउल विटगेनश्टाइन, व्हिएन्नाचा पियानोवादक. पहिल्या महायुद्धात १९१४ साली उजवा हात गमावला. घरचा पैसा होता, त्याने मोठमोठ्या रचनाकारांकडून फक्त डाव्या हातासाठी संगीत लिहवून घेतलं. फ्रेंच रचनाकार राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टो त्यातलाच, १९३२ ला पहिल्यांदा वाजला. डोळे मिटून ऐकलात तर एक हात आहे यावर विश्वास बसत नाही.

---

दादरची_मास्तरीण | १९ जून, सकाळी ९:२०

प्रेरणा ठीक, पण ताईंना राव्हेल नको हो, त्यांना सोमवारी काय वाजवायचं ते हवंय!

हंगेरीच्या बेला बार्टोकचं मिक्रोकॉस्मॉस घ्या. सहा भाग, १५३ तुकडे, अगदी ओनाम्यापासून. पहिल्या भागाच्या सुरुवातीला दोन्ही हात एकच धून वाजवतात, सप्तकभर अंतरावर, पाच बोटांत. डावा उजव्याचं बघून शिकतो. बार्टोकने लोकगीतं गोळा करत गावोगाव फिरण्यात वर्षं घालवली होती, त्यामुळे कित्येक तुकडे तुमच्या कानाला ओळखीचे वाटतील, पाश्चात्त्य नसल्यासारखे. मग बुर्गम्युलरच्या पंचवीस सोप्या रचना, ओपस १००. लहान हातांना चालतात, ऐकायलाही गोड.

हॅनन सध्या नको. साठ व्यायामांचं पुस्तक, प्रत्येक क्लासात असतं. वाईट नाही, पण दाबायची सवय असलेल्याने तेच तेच दोनशे वेळा वाजवलं तर दाबण्याचाच रियाज होतो.

वेळ: वीस मिनिटं, उठा, पाणी प्या, परत वीस. शोपाँ विद्यार्थ्यांना तीन तासांच्या वर बसू द्यायचा नाही म्हणतात, तुम्ही चाळीस मिनिटांनी सुरुवात करा. आणि मोठी सप्तकं आली तर सुरांचे दोन भाग करून एकामागून एक घ्या, किंवा एक सूर गाळा. परीक्षक खात नाहीत.

अरुंद पट्ट्यांचे पियानो आजही मिळतात. नेहमीचं सप्तक १६.५ सेंटिमीटरचं, अरुंद मापं त्याहून एक-दोन सेंटिमीटर कमी. अठराव्या शतकातल्या बऱ्याच वाद्यांची सप्तकं आजच्यापेक्षा अरुंदच होती. तेव्हा आजचं माप म्हणजे काही देवाची करणी नव्हे. पण आपल्याकडे मागवणं खर्चाचं, त्या भानगडीत आत्ता पडू नका.

---

साठीनंतर_सूर | १९ जून, दुपारी ४:४५

वयाबद्दल कोणी बोललं नाही. मी ६४. एकसष्ठीला सुरू केलं. लहानपणी शिकणाऱ्यांच्या मेंदूत फरक दिसतो हे खरं: १९९५ च्या एका अभ्यासात, सात वर्षांच्या आत सुरुवात केलेल्या वादकांच्या दोन मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या पुलाचा पुढचा भाग जास्त जाड आढळला होता. वाचून मी दोन दिवस खट्टू होतो. मग बायको म्हणाली, "तुम्हाला पूल बांधायचाय की बुर्गम्युलर वाजवायचाय?" सध्या चौथा तुकडा चालू आहे.

मुंबईला येणं झालं तर एनसीपीएला पियानोची मैफल बघा. तिकीट काढताना मंचाकडे तोंड केल्यावर डावीकडची खुर्ची घ्या, तिथूनच हात दिसतात. उजवीकडे फक्त चेहरा आणि झाकण. पहिल्यांदा मी महागडं तिकीट काढून उजवीकडे बसलो होतो.

---

मडगांवकार | २० जून, सकाळी ७:५०

पावसाळा आलाय म्हणून अवांतर: ज्यांच्याकडे खरा पियानो आहे त्यांनी खालच्या फळीआड छोटा बल्ब पेटता ठेवावा, लोकर आणि लाकूड कोरडं राहतं. आमच्याकडे आज्यापासून चालत आलंय. पट्ट्या फुगून अडकल्या की हात लहान काय नि मोठा काय.

---

पेटीवाली_कोथरूड | १२ जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, अहवाल द्यायचा राहिला होता.

डॉक्टरांनी कंडरेची सूजच सांगितली, पंधरा दिवस पट्टा आणि फिजिओचे व्यायाम. पंधरा दिवस पियानोवर फक्त "वाजव, सोड" केलं, तेही डाव्याने. मग उजव्याने. काल पस्तीस मिनिटं वाजवलं आणि दुखलं नाही. सरांना मनगट उचलायची गंमत दाखवली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच्या मनगटावर करून बघितली. पुढचं सांगत नाही.

मडगांवकार दादा, तीन काळ्या पट्ट्यांची जागा म्हणजे घरी आल्यासारखं वाटलं. लेकीने बाक मागवून दिला, उंचीचा. बार्टोकचे पहिल्या भागातले अकरा तुकडे झाले. एक तर अगदी आमच्या गावच्या ओवीसारखा आहे, परवा भजनी मंडळात पेटीवर वाजवला तर बायका म्हणाल्या, हे कुठल्या महाराजांचं?

आता एकच. वीस वर्षं पेटीपुढे मांडी घालून बसलेय. नव्या बाकावर पंधरा मिनिटं झाली की पाय आपोआप वर येतात. काल तर पेडलवर कोणीच नव्हतं आणि मी ध्यान लावल्यासारखी मांडी घालून वाजवत होते. यावर उपाय?

---

पक्याभाई | १२ जुलै, रात्री ९:२२

बाकाखाली पोळपाट ठेवा. पाय तिथे टेकतील आणि स्वयंपाकघरातून कोणी तो मागायला आलं तर ब्रेकही मिळेल.

---

दादरची_मास्तरीण | १२ जुलै, रात्री १०:३०

पोळपाट नको, घसरेल. लाकडी पाट चालेल, माझ्या छोट्या मुलांना तोच देते. पेडल येईपर्यंत एक पाय त्यावर, दुसरा जमिनीवर. आणि ताई, त्या ओवीसारख्या तुकड्याचा क्रमांक कळवा. मला माझ्या शनिवारच्या बॅचला ऐकवायचाय.